आंधळं कोण, हे ठरवायचं कुणी?

पत्र थोडक्यात : धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. वय चाळिशीच्या आत. काही वर्षांपूर्वी मोठ्या आजारपणातून उठल्यावर त्या आणि त्यांचे पती एका प्रार्थना सभेला जाऊ लागले, पुढे दोघांनी बाप्तिस्मा घेतला. माहेर तापीकाठच्या खेड्यात. वडील वारलेले, आई सत्तरीची, भाऊ शेती बघतो. माहेरी श्रावणात कानबाई देवी बसते, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला वडिलांच्या नावाने घागर भरतात. सभेचे ब्रदर सांगतात की माहेरची माणसं आत्मिक आंधळी आहेत, त्यांच्या सणावाराला जाणं म्हणजे पुन्हा अंधारात जाणं. म्हणून दोन आखाज्या ताई माहेरी गेलेल्या नाहीत. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मागे ती लेकीकडे आली तेव्हा सभेत तिच्यासाठी प्रार्थना झाली. फरक पडला नाही, तेव्हा ‘विश्वास नाही म्हणून दृष्टी नाही’ असं सगळ्यांदेखत बोललं गेलं. भाऊ ऑपरेशनचं म्हणतो. ब्रदर म्हणतात, घाई करू नका, देवाला संधी द्या. गेल्या महिन्यात ताई उभ्या उभ्या माहेरी गेल्या. आई म्हणाली, मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या दिसत नाहीत, हाताला धरून ने. ताईंनी नाही म्हटलं. शेजारची पोर घेऊन गेली. रात्री आई एवढंच बोलली, “तुना देव तुना, मना देव मना. पन आखाजीले घर येशी ना?” ताई विचारतात : आई खरंच आंधळी आहे का? तिच्यापासून लांब राहणं हाच विश्वास का? आणि जे पतीलाही सांगितलेलं नाही ते : ‘पहिली दोन-तीन वर्षं मला सगळं लख्ख दिसत होतं. आता प्रार्थनेला बसले की काहीच दिसत नाही, जाणवत नाही. सभेत इतरांना दर्शनं होतात, मी नुसती आमेन म्हणते. मीच आंधळी झाले का?’

ताई,

आधी आईच्या डोळ्यांचं बोलू. बाकीचे प्रश्न थोडे थांबू शकतात, हा नाही.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. ते कुठल्याही थेंबांनी, मधाने, काढ्याने विरघळत नाही. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढतात आणि त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. बहुतेक वेळा डोळ्यापुरती भूल पुरते आणि माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनच्या काळातला. गावात अजून दिला जातो, म्हणून मुद्दाम सांगते. फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब वाढू शकतो आणि ऑपरेशनही अवघड होतं. तपासणीच्या वेळी काचबिंदू नाही ना, हे आवर्जून विचारा. मोतीबिंदूने गेलेली नजर सहसा परत मिळते. काचबिंदूने गेलेली मिळत नाही, उरलेली तेवढी राखता येते. देवाला संधी देत घालवलेल्या महिन्यांत नेमकी ती उरलेली नजरच हातची जाऊ शकते. आईची साखर आणि रक्तदाब बघून घ्या. पैशांची अडचण असेल तर अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं. धुळ्याला आणि जळगावला तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचीच रुग्णालयं आहेत. हे वाचून झालं की भावाला फोन करा.

आता ‘विश्वास नाही म्हणून दृष्टी नाही’ या वाक्याकडे येते. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. पण जुन्या मराठी ख्रिस्ती घरातली आहे, रविवारच्या शाळेत वचनं पाठ करत वाढलेली, आणि हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, नववा अध्याय उघडा. वाटेत एक जन्मांध भिकारी बसलाय आणि शिष्य येशूला विचारतात : पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? समोर माणूस बसलाय, आणि यांची चर्चा चाललीय ती त्याच्या दुखण्याच्या कारणावर! येशू म्हणतो, यानेही नाही, याच्या आईबापांनीही नाही. तुमच्या ब्रदरांचा सिद्धान्त तिथेच निकालात निघतो. पुढे येशू काय करतो बघा. जमिनीवर थुंकून चिखल करतो, तो त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर जाऊन धू म्हणून पाठवतो. ज्याला चिखल चालला आणि तळ्याचं पाणी चाललं, त्याला डॉक्टरांचं ऑपरेशन टेबल का चालू नये? पहिल्या पिढीतला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्याच्या सोबत्यांत लूक होता; पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असाच आहे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या तक्रारीवर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं, आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याला ख्रिस्ती रुग्णालय कित्येक दशकं चालू आहे. प्रार्थना करायची तर औषध नको, अशी अट तिथे असती तर ते केव्हाच बंद पडलं असतं.

ब्रदर यावर बार्तीमयाचं नाव काढतील. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं आहे’ असं येशू त्याला म्हणाला. म्हणाला खरं, पण त्याच्या पदरात दान टाकताना म्हणाला. बऱ्या न झालेल्या आजाऱ्याला चारचौघांत उभं करून तुझ्यात विश्वास नाही असं हिणवल्याची गोष्ट शुभवर्तमानांत कुठेच नाही. उलट, शिष्यांच्या हातून एक मुलगा बरा झाला नाही, तेव्हा मत्तय आपल्या शुभवर्तमानात सांगतो की येशूने विश्वासाची उणीव काढली ती प्रार्थना करायला गेलेल्या शिष्यांची. त्या मुलाला तो एक शब्द बोलला नाही. मुलाच्या बापाने ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ असं अर्धंमुर्धं उत्तर दिलं, तेही त्याने चालवून घेतलं. तुमच्या सभेत त्या दिवशी कुणाचा विश्वास मोजायचा होताच, तर प्रार्थना करणाऱ्यांचा मोजायला हवा होता. आईचा का मोजला?

मग आई आंधळी आहे का?

या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : आंधळे ते बाहेरचे, डोळस ते आतले. ब्रदर तेच शिकवतात, आणि तुम्ही ते जसंच्या तसं घेतलंय असं पत्रावरून दिसतं. पण पवित्र शास्त्रात हा शब्द कुणाच्या वाट्याला आलाय ते बघत गेलं तर चित्र उलटं दिसतं. ‘आंधळे वाटाडे’ असं येशू म्हणतो ते परूशांना आणि शास्त्र्यांना, म्हणजे त्या काळच्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना, रोज प्रार्थना करणाऱ्या, नेमाने दशांश देणाऱ्या माणसांना. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, ‘तू आंधळा आहेस, डोळ्यांत घालायला माझ्याकडून अंजन घे’ असं ज्यांना सांगितलंय, ती लावदिकीया गावची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च आहे. मूर्तिपूजकांचं गाव नाही, बाप्तिस्मा झालेल्यांची मंडळी. आणि त्यांचा दोष काय? आम्हाला कशाची वाण नाही, असं ते म्हणत होते.

योहानाचा नववा अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा, आणि या वेळी ‘ठाऊक आहे’ कोण म्हणतं आणि ‘ठाऊक नाही’ कोण, एवढंच बघा. परूशी म्हणतात, हा येशू पापी आहे हे आम्हाला ठाऊक आहे. देव मोशेशी बोलला हे आम्हाला ठाऊक आहे. ज्याला दिसू लागलं तो माणूस मात्र सारखा म्हणतो, मला ठाऊक नाही. तो कुठे आहे? ठाऊक नाही. तो पापी आहे का? ते ठाऊक नाही. पण आधी मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढं ठाऊक आहे. हुशार आहे तो. परूशी खोदून खोदून विचारायला लागले तेव्हा, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय का, असा टोला त्याने हाणला. (आंधळा म्हणजे बेअक्कल, असं बोलता बोलता गृहीत धरणाऱ्या आपण सगळ्यांनी तो संवाद मुद्दाम वाचावा. ज्यांना खरंच दिसत नाही त्यांना आपली ही भाषा किती लागत असेल, तो आणखी वेगळा विषय.) अध्यायाच्या शेवटी परूशी विचारतात, म्हणजे आम्ही पण आंधळे की काय? येशू म्हणतो, आंधळे असता तर तुम्हाला पाप नसतं. आम्हाला दिसतं असं म्हणता, म्हणून तुमचं पाप तसंच राहतं.

हे शेवटचं वाक्य तुमच्या सभेत कधी वाचलं गेलंय का? वाचलं असेल तर कुणाकडे बोट दाखवून?

याला एक अपवाद आहे, तो लपवणार नाही, कारण ब्रदरांचा सगळा भर त्याच्यावरच असणार. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल लिहितो की ‘या युगाच्या देवाने’, म्हणजे सैतानाने, विश्वास न ठेवणाऱ्यांची मनं आंधळी केली आहेत. वचन आहे, आणि ते पुसता येत नाही. पण त्याच्या पुढच्या दोन ओळी वाचा. आम्ही स्वतःची घोषणा करत नाही, आम्ही येशूसाठी तुमचे दास आहोत. आणि अंधारातून प्रकाश निघो असं जो बोलला त्या देवानेच आमच्या अंतःकरणात प्रकाश पाडला. म्हणजे डोळे उघडणं हे देवाचं काम, आणि विश्वासणाऱ्याच्या वाट्याला येते ती सेवा. बोलणं बंद करा, सण टाळा, आईला धडा शिकवा, असं तिथे काहीच नाही. हे लिहिणारा पौल (आधीचं नाव शौल) स्वतः दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर आंधळा होऊन पडला होता. लोकांनी त्याला हाताला धरून गावात नेलं, तीन दिवस त्याला दिसत नव्हतं. येशूच्या ज्या अनुयायांना पकडायला तो निघाला होता त्यांच्यातलाच हनन्या भीत भीत आला आणि त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, भाऊ शौल. हनन्याने हाक मारली तेव्हा शौलाच्या डोळ्यांवरचे खवले अजून पडायचे होते. भाऊ त्याच्याही आधी म्हणून झालं होतं.

आईबापांबद्दल तर याहून सरळ बोललं गेलंय. मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात येशू परूशांना झापतो, कारण आईबापांना जे द्यायचं ते देवाला वाहिलंय असं म्हणून हात झटकायची पळवाट त्यांनी काढली होती. देवाचं नाव पुढे करून म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं, आणि वर तीच भक्ती म्हणायची. त्याच प्रसंगात, थोड्याच ओळींनंतर, ते प्रसिद्ध वाक्य येतं : ते आंधळे वाटाडे आहेत, आंधळा आंधळ्याला नेऊ लागला तर दोघेही खाचेत पडतील. आत्मिक आंधळेपणा हा विषय ब्रदरांच्या इतका आवडीचा आहे, तर हा अध्याय त्यांच्याकडून कधीतरी समजून घ्या.

‘माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करणारा मला योग्य नाही’ हेही येशूचंच वाक्य आहे, ते मला माहीत आहे. ज्याला घरच्यांनी देव किंवा आम्ही असं पेचात धरलंय, त्याला ते वाक्य झेलावंच लागतं. तुमच्या आईने असा पेच टाकलेलाच नाही. तुझा देव तुझा, माझा देव माझा, असं म्हणून तिने तुमची वाट मोकळी ठेवली. पेच सभेने टाकलाय.

देवळाच्या पायऱ्यांचं तुम्हाला खुपतंय. पत्रात तुम्ही तेवढाच भाग दोनदा लिहिलाय. त्यासाठी जुन्या करारातली एक गोष्ट सांगते, ती सभांमध्ये क्वचितच ऐकू येते, कारण ती प्रचाराच्या फारशी कामाची नाही. अरामाचा सेनापती नामान कोडातून बरा झाला आणि इस्राएलाच्या देवाला मानू लागला. परत जाताना त्याने अलीशा संदेष्ट्याकडे एक अडचण मांडली. माझा राजा रिम्मोन या आपल्या दैवताच्या मंदिरात पूजेला जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो. त्याच्याबरोबर मलाही तिथे वाकावं लागतं. एवढी एक गोष्ट देवाने मला क्षमा करावी. अलीशाने प्रवचन दिलं नाही, सभेतून नाव काढायची धमकी दिली नाही. तो म्हणाला, शांतीने जा. राजे दुसरे, पाचवा अध्याय.

नामानाला तिथे वाकावंही लागत होतं. तुम्हाला आई फक्त हात मागत होती. पुढच्या वेळी हात द्या. पायरीपाशी थांबायचं की आत जायचं, ते तुमच्या विवेकाला विचारा. तिथे मी नियम सांगणार नाही. आत जाऊन हात जोडायला तुमचं मन घेत नसेल तर बाहेर कट्ट्यावर बसा, आईला ते चालेल. गावातली चार माणसं बघतील आणि चार गोष्टी बोलतील. तसं दोन्हीकडचे बोलतातच.

आखाजीचंही तसंच. सणातल्या सगळ्याच गोष्टी एका पारड्यात टाकू नका. सासुरवाशिणीने माहेरी येणं, झोका खेळणं, खापरावरचे मांडे आणि आमरस, भावजयीबरोबर गप्पा मारत बसणं, यात विश्वासाला कुठे बाधा येते ते मला कळत नाही. घागर पुजणं हा विधी आहे. त्यात हात लावणं तुम्हाला पटत नसेल तर लावू नका. पण हे आईला आधी सांगा, ऐन वेळी तोंड फिरवून उभं राहू नका. ‘आई, बाबांची आठवण मलाही येते, मी घागरीला हात लावणार नाही, पण तुझ्याशेजारी बसेन.’ एवढं म्हणायला तर तुमच्या श्रद्धेची आडकाठी नाही? नैवेद्य दाखवलेलं ताट पुढे आलं तर काय, यावर पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात बरीच पानं लिहिली आहेत. त्याचा कल एका वाक्यात सांगण्यासारखा नाही आणि मंडळ्यांमध्येही त्यावर एकमत नाही. जेवायला बोलावलं तर जा आणि पुढे वाढलेलं विचारपूस न करता खा, हेही तो म्हणतो. हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, खाऊ नका, हेही म्हणतो. तुमच्या मनाला टोचेल ते खाऊ नका. भावजयीला आदल्या दिवशी सांगून ठेवा, ती आधी वेगळं काढून ठेवेल. आपल्याकडच्या बायकांना उपास-तापास, पथ्यं, व्रतं यांची इतकी सवय आहे की आणखी एक पथ्य त्यांना जड जात नाही. नाक मुरडलेलं मात्र त्यांना लगेच कळतं.

आता तुमचं स्वतःचं. लख्ख दिसत होतं, आता दिसत नाही.

मार्काच्या आठव्या अध्यायात बेथसैदा गावचा एक आंधळा आहे. येशूने त्याच्या डोळ्यांवर हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतंय का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणाऱ्या झाडांसारखी. येशूने पुन्हा हात ठेवले, मग त्याला नीट दिसू लागलं. चारही शुभवर्तमानांत दोन टप्प्यांत बरा झालेला असा हा एकच माणूस. मार्कने ही गोष्ट जिथे ठेवली ती जागाही बघा. लगेच पुढे शिष्य पेत्र येशूला म्हणतो, तू ख्रिस्त आहेस. बरोबर उत्तर. आणि येशू आपल्या दुःखाचं बोलू लागताच तोच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो आणि वर बोलणी खातो. पेत्रालाही माणसं झाडांसारखीच दिसत होती. मला त्या आंधळ्याचं कौतुक याचं वाटतं की विचारल्यावर तो खरं बोलला. समोर एवढा नावाजलेला गुरू. हो, दिसतंय सगळं, असं म्हणून तो मोकळा झाला असता तर? तुमच्या सभेत ‘अजून धूसर आहे’ असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही, आणि तुमच्या दुखण्याचं मूळ मला तिथे दिसतं.

आणि त्या जन्मांधाच्या गोष्टीत एक बारीक जागा आहे. तळ्यावर डोळे धुऊन त्याला दिसू लागलं तेव्हा येशू तिथे नव्हता. शेजारी, परूशी, सगळ्यांपुढे तो ज्याची बाजू घेऊन भांडतो, त्याचा चेहरा त्याने पाहिलेलाच नाही. सुरुवातीला तो ‘येशू नावाचा माणूस’ म्हणतो, मग ‘संदेष्टा’ म्हणतो, मग ‘देवापासून आलेला’. त्याला बाहेर घालवून दिलं, तेव्हा येशू त्याला शोधत आला, आणि तिथे त्याने त्याला पहिल्यांदा पाहिलं. मधला सगळा काळ त्याने दर्शनाशिवाय काढला. त्या काळात त्याच्याकडे होतं काय, तर आपल्याबाबत जे घडलं तेवढंच खरं सांगायचं, वाढवून नाही, ही एक सवय.

म्हणून दर्शनांच्या स्पर्धेतून बाहेर पडा. आम्ही डोळ्यांनी दिसतं त्यावर नाही, विश्वासाने चालतो, असं पौल म्हणतो. रोज काहीतरी दिसलंच पाहिजे हा आग्रह त्या वाक्यात बसत नाही. दिसलं नाही तर दिसलं म्हणू नका. आमेन मनापासून येत नसेल तर गप्प बसा. प्रार्थना लहान करा; बार्तीमयाची ‘माझ्यावर दया करा’ एवढीच होती. सलग काही आठवडे घरी एकच शुभवर्तमान क्रमाने वाचा, सुटी सुटी वचनं उचलू नका. शरीराकडेही बघा. झोप लागत नाही, भूक मेली आहे, कशातच रस वाटत नाही, असं असेल तर ते विश्वासाचं दुखणं असेलच असं नाही, डॉक्टरांना दाखवा. तुम्ही आधी मोठं आजारपण काढलंय, त्यामुळे हे मी सहज म्हणून लिहीत नाही.

राहिली सभा. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. एक, आहे तसंच चालू ठेवायचं. त्यात आईही जाईल आणि तुमचा विश्वासही आतून पोखरत जाईल, असं मला वाटतं. दुसरी, सगळंच सोडून द्यायचं. रागाच्या भरात ही वाट सोपी वाटते, पण आजारपणातून उठताना तुम्हाला जे मिळालं ते खोटं होतं असं तुमच्या पत्रातून मला तरी दिसलं नाही. तिसरी, देव आणि ब्रदर या दोन गोष्टी वेगळ्या करून बघायच्या. मी तिसरीच्या बाजूची आहे. आईच्या ऑपरेशनचं आणि आखाजीचं ब्रदरांना विचारू नका, सांगा. ते रागावले तर वाद घालू नका. नाव काढण्याची धमकी दिली तर त्या जन्मांधाचे आईबाप आठवा : सभास्थानातून बाहेर काढतील या भीतीने त्यांनी पोराच्या बाजूने तोंडच उघडलं नाही. सभेने घरच्यांशी बोलणं तोडायला सांगितलं, औषधपाणी बंद करायला लावलं, पैशाचा हिशेब मागू दिला नाही, यातलं काहीही असेल तर तिथून उठा. भुसावळ, धुळे, नंदुरबार, नवापूर, कुठेही जुनं, रुळलेलं चर्च सापडेल. तिथली प्रवचनं कधीकधी पेंग आणणारी असतात, कबूल आहे. पण तिथल्या पाळकांना कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

पतीला मात्र सगळं सांगा, तुमच्या धूसर दिसण्यासकट. त्यांनाही काही दिसत नसेल आणि तेही तुमच्याच भीतीने आमेन म्हणत असतील, अशी शक्यता मी नाकारत नाही. ते वचनावर अडून बसले तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे ठेवा : स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद जो करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, तो अविश्वासणाऱ्याहून वाईट.

आई कधी विश्वासात येईल, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रभर तो आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला; त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षं दूर राहिल्या आणि ख्रिस्ती झाल्या त्या १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी. आई येईल, किंवा येणार नाही. ऑपरेशनच्या बदल्यात तिच्याकडून काही मागू नका. आणि तिला दिसू लागलं की सभेत त्याची साक्ष करून सांगू नका. तिचे डोळे तुमच्या प्रचाराचा माल नाहीत.

अशाच पेचात असलेल्या इतरांसाठी दोन शब्द. हा पेच ख्रिस्ती घरांपुरता नाही. माळ घातल्यावर आईच्या चुलीवरचं अन्न बंद केलेला मुलगा, सत्संगाला लागल्यापासून सासरच्यांना अडाणी म्हणणारी सून, यांची पत्रंही माझ्याकडे येतात. नवा उजेड मिळाल्याच्या पहिल्या वर्षांत माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ फार स्पष्ट दिसतं. घरच्यांनी त्या वर्षांत टवाळी करू नये, दार लावून घेऊ नये. तुमच्या आईने केलं तसं जेवायला बोलावत राहावं. आणि ज्याला उजेड मिळालाय त्याने घरी जात राहावं.

ऑपरेशननंतर काही आठवडे थेंब घालावे लागतात, दिवसातून अनेकदा, वेगवेगळ्या बाटल्यांतले. आईला बाटलीवरचं वाचता येणार नाही. भाऊ-भावजय शेतात असतील. सुरुवातीचे दहा-बारा दिवस तुम्ही जाऊन राहा. बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधा, वेळा कागदावर लिहून भिंतीला लावा, डोळ्याला पाणी लागू देऊ नका, ती चुलीपुढे बसायला निघाली तर उठवा. थेंब घालताना तिच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर तिला विचारून करा. ती नाही म्हणेल असं मला वाटत नाही. म्हणालीच तर मनातल्या मनात करा, थेंबाची वेळ तेवढी चुकवू नका.